उभ्या विमानाची काळजी

९ ऑक्टोबर

आज वकिलांचं विमान धावपट्टीवर निम्मं अंतर धावलं आणि थांबलं. वेग दाखवणारा काटा शून्यावरून हलेना. मिस्त्रीने येऊन पंखाखालच्या बोटभर नळीत तार घातली आणि चिखलाची एक गोळी बाहेर काढली. त्या नळीत समोरून वारा शिरला तरच विमान किती वेगात आहे ते कळतं. कुंभारीण माशीला ती नळी घर म्हणून पसंत पडली होती. गोळीत तिने पिल्लांच्या सोयीसाठी कोळी मारून भरून ठेवले होते. सगळे हसले. वकील म्हणाले, माशीला नोटीस पाठवतो. मी हसलो नाही.

उभी हयात मी लोकांच्या तोंडातली भोकं बघण्यात घालवली आहे. भोक दिसायला लहान असतं. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. वकिलांच्या शेजारीच आमचं विमान उभं असतं. दोन माणसांचं, पांढरं, दवाखाना मुलीच्या हवाली केल्यावर हौसेने घेतलेलं. त्याच्याभोवती आज चक्कर मारली तर जिथे बघावं तिथे भोकं. नळ्या, फटी, इंजिनाच्या नाकपुड्या, इंधनाच्या टाकीला हवा लागावी म्हणून ठेवलेलं छिद्र. कीटकांना आमंत्रणच.

आज मी आणि ही टेकड्यांवरून फेरी मारून येणार होतो. हिने डबा करून घेतला होता. पण हे पाहिल्यावर उडणं बेजबाबदारपणाचं झालं असतं, म्हणून रद्द केलं. ही "बरं" म्हणाली. डबा आम्ही गाडीत बसून खाल्ला. मागच्या रविवारी वारा होता. त्याच्या आधीच्या रविवारी ढग होते. हवा हल्ली पहिल्यासारखी राहिलेली नाही.

उभं विमान कसं सांभाळावं यावर आपल्याकडे कुणी धड लिहिलेलं दिसत नाही. म्हणून ही दैनंदिनी. पुढच्यांना उपयोगी पडेल.

१४ ऑक्टोबर

दाताचा आरसा, टॉर्च आणि ही, असा सरंजाम घेऊन मैदानावर गेलो. हिने दवाखान्यात वर्षानुवर्षं माझ्या शेजारी उभं राहून काम केलंय, त्यामुळे उजेड कुठे हवा ते सांगावं लागत नाही. एकेका भोकाचं माप घेतलं, तसंच, जसं कवळीसाठी घेतो. विमान पेशंट म्हणून उत्तम. तोंड मिटत नाही, थुंकत नाही, मध्येच नातवंडांबद्दल बोलत नाही.

मिस्त्री म्हणाला, बाजारात या नळ्यांसाठी कापडी टोप्या मिळतात, लांब लाल फीत लावलेल्या. मी म्हटलं, शेजारच्या विमानांवर बघतोच की, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबत असतात. मिस्त्री म्हणाला, ते पण खरंय. मिस्त्री भला माणूस आहे. समोरचा जे म्हणेल ते त्याला पटतं.

कॅप्टनबाई, म्हणजे आमच्या क्लबात उडायला शिकवतात त्या, जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, रोज उडवा. माशीला घर बांधायला सवडच मिळणार नाही." त्यांना सगळ्यावर एकच औषध ठाऊक आहे.

२ नोव्हेंबर

बुचं तयार झाली. कवळीच्याच मटेरियलची. अशी बसतात की नखही शिरत नाही. आणि रंग! विमानाच्या पांढऱ्याशी मी तो असा जुळवलाय की बूच आहे की नाही हे सांगता येऊ नये. दातांच्या रंगछटा जुळवण्यात मी गावभर नावाजलेलो होतो, ते उगाच नाही.

वकिलांना आव्हान दिलं, शोधून दाखवा. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, शेवटी हात टेकले. विमानाला कवळी बसवणारा पहिला माणूस, असं म्हणाले. टोमणा होता, पण माझं कौतुकही होतं त्यात.

ही म्हणाली, "सापडत नाहीत हे चांगलं की वाईट?"

मी समजावून सांगितलं. बायकांना कारागिरी कळते, पण उशिरा.

२९ नोव्हेंबर

हिला मैदानाची हवा मानवली आहे. वर्षभर येतेच आहे, हल्ली तर मी नसतानाही येते. इंजिन फार दिवस बंद राहिलं तर आतून गंजतं, म्हणून कॅप्टनबाई आमचं विमान आठवड्यातून दोनतीनदा फिरवून आणतात आणि ही सोबत जाते. रिकाम्या सीटवर वजन असलेलं बरं असतं. विशेष म्हणजे कॅप्टनबाई स्वतः उजवीकडे बसतात आणि हिला डावीकडे, म्हणजे वैमानिकाच्या जागेवर बसवतात. त्यांचा डावा गुडघा दुखत असावा.

हिने डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले, हृदयाची पट्टी काढून घेतली. मी विचारलं, काही होतंय का? म्हणाली, काही होत नाहीये याचं सर्टिफिकेट हवं होतं. वय झालं की माणूस धास्तावतो. मी तिला धीर दिला.

केसही कापून घेतलेत. कानावर हेडफोन नीट बसत नाही म्हणे. मी म्हटलं, त्यात काय, आत गोंगाट असतो तेवढा सोसायचा.

१७ जानेवारी

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी ही आणि कॅप्टनबाई निघाल्या. विमानाभोवती फिरून दोघींनी तपासणी केली, बुचं काढून माझ्या हातात दिली, आत बसून त्यांचं ते बारीक आवाजातलं तपासणी-यादीचं वाचन सुरू झालं. एवढ्यात मला वेगाच्या नळीपाशी एक माशी घिरट्या घालताना दिसली. मी बूच बसवलं, म्हटलं क्षणभर राहू दे, आणि माशी मारायला फडकं आणायला शेडमध्ये गेलो. परत येतो तर विमान चालू होऊन पट्टीकडे निघालेलं.

मी धावलो. दोन्ही हात हलवले. हिने काचेतून हात हलवून निरोप घेतला.

काटा मेलाय हे कळेपर्यंत पट्टी संपत आली असणार, कारण त्या थांबल्या नाहीत, वर गेल्या. वेग कळत नसेल तर उतरताना काय होतं ते मला ठाऊक आहे. फार हळू झालात तर विमान दगडासारखं खाली येतं, फार जोरात आलात तर पट्टी पुरत नाही. मी कुंपणाला धरून उभा होतो. वकील शेजारी येऊन उभे राहिले. ती एवढीशी पांढरी ठिपकी टेकडीवरून वळली. हिला मी सकाळी चहा थंड झाला म्हणून टाकून बोललो होतो.

विमान इतकं अलगद टेकलं की चाकांचा आवाजही आला नाही. कॅप्टनबाई खरंच कसबी आहेत. तसं मी त्यांना म्हणालोही, पण त्या बूच मुठीत धरून माझ्यासमोर उभ्या होत्या.

"उतरताना मी कशालाही हात लावला नाही, डॉक्टर. आणि हे असलं न दिसणारं काही या मैदानावर पुन्हा दिसलं, तर तुमचं विमान मी क्लबाच्या अध्यक्षांच्या दारात नेऊन लावीन."

न दिसणारं कसं दिसेल, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

गाडीत बसल्यावर हिने पट्टा लावला. मग म्हणाली, "मला वर भीती नाही वाटली. आवाजावरून आणि नाक किती वर आहे त्यावरून कळतं बरंचसं."

कॅप्टनबाईंचं ऐकून ऐकून हिच्याही तोंडी तीच भाषा बसली आहे.

२६ जानेवारी

कापडी टोप्या आणि लांब लाल फिती. हिने घरच्या मशीनवर शिवल्या. लांबून दिसल्या पाहिजेत ही कल्पना मी मैदानावर सर्वांना समजावून सांगितली. वकील म्हणाले, बाजारात मिळतात. मी म्हटलं, मिळत असतील, पण त्यामागचा विचार मिळत नाही.

१५ फेब्रुवारी

हिने जेवताना विचारलं, तुम्ही शेवटचं विमान कधी उडवलंत? मी आठवून सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात आडव्या वाऱ्यात उतरताना विमान जरा उसळलं होतं, एक चाक आधी टेकलं, पंख जमिनीला लागता लागता राहिला. त्यानंतर योग आला नाही. त्या प्रसंगाचा याच्याशी काही संबंध नाही. आधी वारा, मग ढग, मग माशा. प्रत्येक वेळी सबळ कारण होतं.

ही म्हणाली, "हो, कारणं सबळच असतात तुमची."

ती मान्य करते तेव्हा बरं वाटतं.

१२ मार्च

कीटकांचा बंदोबस्त झाला, आता वारा. विमान म्हणजे मुळात उडायला बनवलेली वस्तू. आत कुणी नसलं तरी जोराचा वारा लागला की पंख उचलू लागतात. म्हणून जमिनीत पुरलेल्या कड्यांना दोर बांधायचा ही इथली जुनी रीत. मला ती तोकडी वाटते. दोर झिजतो, ऊन लागतं, शिवाय विमान उघड्यावर. मी क्लबाच्या समितीपुढे पत्र्याच्या छपराची योजना मांडली. चार लोखंडी खांब, वर पत्रा, आणि विमानाचे दोर थेट खांबांनाच. दिसायलाही भारदस्त.

कॅप्टनबाई म्हणाल्या, उघड्या माळावर चार खांबांवर पत्रा म्हणजे छप्पर नव्हे, शीड. अध्यक्षांना त्यांच्या दुखऱ्या दाढेपासून मीच सोडवलंय. योजना मंजूर झाली.

आज हिचा कुठलासा निकाल लागला, पास झाली म्हणे. चेहरा उजळला होता. मी खांबांचा नकाशा काढत होतो. "छान" म्हणालो.

३० मार्च

छप्पर उभं राहिलं. खाली विमान काय दिसतं! मिस्त्रीने दोर कड्यांना की खांबांना असं पुन्हा एकदा विचारलं. खांबांना, म्हटलं. म्हणाला, ते पण खरंय. वकील अजून त्यांच्या जुन्या कड्यांवरच आहेत. चाकांना लाकडी ठोकळे, वाऱ्यात पंखाच्या झडपा आपटू नयेत म्हणून आतल्या सुकाणूच्या दांडीला कुलूप, संपलं. समाधानी वृत्ती माणसाला पुढे जाऊ देत नाही.

१९ एप्रिल

सकाळीच भांडण झालं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाची बाजू बरोबर होती ते ठरवता येईल.

उद्या दुपारनंतर मोठं वादळ येणार असा अंदाज आहे. हिने सकाळपासून हवामानाचे तक्ते पसरले होते. म्हणाली, विमान उद्या सकाळी टेकड्यांपलीकडच्या मैदानावर न्यायचं, तिथे भिंतींचा पक्का हँगर आहे, बोलणं झालंय. मी म्हटलं, पक्कं छप्पर आपल्याकडेही आहे.

"ते छप्पर उद्या उडणार आहे."

"कॅप्टनबाईंनी भरवलंय हे. आणि नेणार कोण? त्या तर सुटीवर गेल्यात."

"मी."

मी हसलो. एकटाच. ती उठली, कपाटातून एक छोटं कार्ड आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिचा फोटो, आखूड केस. वैमानिकाचा परवाना.

"हे कधी?"

"तुम्ही छान म्हणालात त्या दिवशी."

मी खूप बोललो. धोका, वय, बेजबाबदारपणा, मला अंधारात ठेवणं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंधारात नाही ठेवलं हो. रोज तुमच्या समोरच तर होते."

२० एप्रिल

सकाळी हवा पाण्यासारखी स्थिर होती. वाद घालत घालतच मैदानावर पोचलो. तिने एकेक लाल फीत ओढून टोप्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. दोर सोडले. आतल्या दांडीचं कुलूप काढलं, झडपा हलवून पाहिल्या, नळीत डोकावली. माझा आरसा तिने मागितला नाही.

मग उजवीकडचं दार उघडून म्हणाली, "चला. जागा आहे."

मी म्हटलं, इथे कुणीतरी थांबायला हवं, छप्पर आहे, दोर आहेत. ती थोडा वेळ दार धरून उभी राहिली. मग तिने ते आतून लावून घेतलं.

विमान पट्टीच्या मध्यावरच उचललं गेलं. मी हात केला. तिला दिसला का ते ठाऊक नाही.

वारा दुपारी आला. आधी धूळ, मग एक लांब शिट्टी, मग पत्रा एखाद्या माणसासारखा कण्हायला लागला. मी आणि मिस्त्री ऑफिसच्या खिडकीत होतो. चारपैकी एक खांब मुळासकट वर आला, बाकीचे त्याच्या मागोमाग, आणि अख्खं छप्पर आधी वर उचललं आणि मग जिथे आमचं विमान असायला हवं होतं बरोबर तिथे उलटं आपटलं. खांबांना विमान बांधलेलं असतं तर ते आधी छपराबरोबर वर गेलं असतं.

एक पत्रा सुटून गेला आणि वकिलांच्या विमानाचा पंख चिरून पलीकडे पडला. त्यांचे दोर सुटले नव्हते. कड्याही जागच्या जागी होत्या.

मिस्त्री म्हणाला, "कॅप्टनबाई म्हणाल्या होत्या." मी वाट पाहिली, पण या वेळी तो पुढे काही म्हणाला नाही.

२१ एप्रिल

हिचा फोन आला. विमान हँगरमध्ये आहे, ती बरी आहे, तिथल्या लोकांनी जेवायला घातलं. मग विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मी हो म्हटलं. खोटं होतं.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. नुकसानीबद्दल बोलणं होणार म्हणून मी तयारीनिशी गेलो होतो. तर अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं की डॉक्टरांनी वेळीच विमान हलवून जी दूरदृष्टी दाखवली ती सर्वांनी शिकण्यासारखी आहे. टाळ्या झाल्या. मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाल्यावरही काही वेळ पीतच होतो. वकील माझ्याकडे बघत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही.

सांगायला हवं होतं. पण मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. आणि नंतर विषय बदलला.

२४ एप्रिल

सकाळच्या बसने टेकड्यांपलीकडे गेलो. फोनवर ही म्हणाली होती, वाटलं तर या, बरोबर परत येऊ. ती तिथल्या वैमानिकांच्या घोळक्यात चहा पीत बसली होती. हसत होती, दवाखान्यात कधी हसलेली मला आठवत नाही तशी. मला बघून उठली आणि त्यांना म्हणाली, "हे आमचे डॉक्टर."

मी विमानाला चक्कर मारली. नळी पाहिली, टाकीचं छिद्र पाहिलं, नाकपुड्या पाहिल्या. पुन्हा नळी पाहिली. ती चहाचा दुसरा कप घेऊन वाट बघत राहिली. माशी नव्हती. वारा नव्हता. ढगाचा एक तुकडाही नव्हता. मी उजवीकडे बसलो.

टेकड्यांवर आल्यावर विमान खालीवर व्हायला लागलं. ऊन तापलं की तिथे तसं होतंच, मला माहीत आहे, मीच हिला पूर्वी सांगितलेलं आहे. तरी माझ्या हाताने समोरची दांडी गच्च धरली. ती हेडफोनमधून म्हणाली, धरा हवी तर, पण ओढू नका. मी नाही ओढली. फक्त धरली. आणि मग तोंडातून निघून गेलं.

"मला भीती वाटते. त्या उन्हाळ्यापासून वाटते. माशीबिशी काही नाही. वारा असला की मला बरं वाटायचं, कारण मग जावं लागायचं नाही."

मला थांबता येईना.

"विमान तू वाचवलंस. मी नको म्हणत होतो. बैठकीत सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मी गप्प बसलो. छप्पर माझं, वकिलांचा पंख माझ्यामुळे गेला, आणि मी पाणी पीत बसलो."

"माहितीये मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता त्या बटणावरचा अंगठा काढा."

दांडीवर मैदानाशी बोलायचं बटण असतं. ते दाबलं की आपलं बोलणं खाली ऑफिसातल्या भोंग्यावर ऐकू येतं, चहा पिणाऱ्या प्रत्येकाला. मी अंगठा काढला तसा हेडफोनमध्ये मिस्त्रीचा आवाज आला. "ऐकलं साहेब. वारा शांत आहे, या खाली."

चाकं टेकली, विमान थांबलं, इंजिन बंद झालं, मग विचारलं, तुला कधी कळलं बटण दाबलेलं आहे ते?

"पहिल्याच वाक्याला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चांगलं बोलत होतात."

वकील त्यांच्या फाटक्या पंखापाशी उभे होते. पंखाची दुरुस्ती मी करून देतो, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ते तर तुम्ही द्यालच, मी वकील आहे. मग म्हणाले, "पण आज पहिल्यांदा तुमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं." हात पुढे केला. मी तो घेतला. ऑफिसच्या खिडकीत अध्यक्ष होते, त्यांनी मात्र कुठलंसं महत्त्वाचं काम असल्यासारखी पाठ फिरवली.

मिस्त्रीने दोर आणून दिला. कड्यांना की कशाला, हे त्याने विचारलं नाही.

२५ एप्रिल

ही म्हणते, आज दुपारी पुन्हा वर जाऊ, तुम्ही डावीकडे बसा, मी शेजारी असते. मी खिडकीतून बघितलं. झाडाचं पान हलत नाही. मैदानावर फोन केला, मिस्त्री म्हणाला, नळी साफ आहे, मी स्वतः पाहिली. मुलीला फोन केला, दवाखान्यात काही अडलंय का म्हणून. काही अडलेलं नाही.

ही जोडे घालून दारात उभी आहे. मी अजून कारण शोधतोय. सापडत नाही.